ॲपचं अपडेट ‘सही जुळत नाही’ म्हणून अडलंय? नवीन कीस्टोअर बनवण्याआधी हे तपासा

“भाऊ, ॲप अपडेटच होत नही, काय करानं आते?”

हा फोन मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. कधी सावद्याहून, कधी अमळनेरहून, कधी पार शहाद्याहून. मी जळगावात बसून छोटी अँड्रॉइड ॲप सांभाळतो. कुठे केळीच्या गाडीचं वजन आणि कटती लिहायची असते, कुठे दूध संकलन, कुठे जिनिंगच्या गेटवर कापसाच्या गाड्यांची नोंद, कुठे क्लासची हजेरी. यातली निम्मी ॲप मी बनवलेली नाहीत. गावातल्याच एखाद्या इंजिनिअरिंगच्या पोराने बनवून दिलेली असतात. पोरगा पुण्याला नोकरीला लागतो, आणि वर्षभराने ॲपमधली एक ओळ बदलायची वेळ आली की लक्षात येतं, सही करायची किल्ली कुठे आहे हे कोणालाच माहीत नाही.

आणि जवळपास दर वेळी, मला फोन करायच्या आधीच, नवीन कीस्टोअर, म्हणजे ही किल्ली ठेवायची फाइल, बनवून झालेलं असतं. कधी जुनी फाइल डिलीट करून त्याच नावाने. म्हणून पहिलं वाक्य हेच लिहितो: खालच्या तपासण्या पूर्ण होईपर्यंत नवीन कीस्टोअर बनवू नका, जुनी कुठलीही फाइल पुसू नका, आणि ग्राहकांना “ॲप काढून परत टाका” असं सांगू नका. हातात जे काही आहे त्याची आधी पेनड्राइव्हवर एक प्रत काढा आणि मग पुढे वाचा.

लक्षणं

तुमच्याकडे यातलं नेमकं काय दिसतंय ते आधी ठरवा.

फोनवर नवीन एपीके, म्हणजे ॲपची फाइल, टाकताना फक्त ‘ॲप नॉट इन्स्टॉल्ड’ येतं. तोच फोन कॉम्प्युटरला जोडून टाकलं तर जरा खरं कारण दिसतं: ‘इन्स्टॉल फेल्ड अपडेट इनकम्पॅटिबल’ आणि सह्या जुळत नसल्याची ओळ.

प्ले कन्सोलवर, म्हणजे प्ले स्टोअरवर ॲप चढवायच्या गूगलच्या साइटवर, बंडल (प्ले स्टोअरसाठीची ॲपची फाइल) चढवताना ‘साइन्ड विथ द राँग की’ असा संदेश येतो, खाली एसएचए-१ चे दोन लांबलचक ठसे, म्हणजे किल्ली ओळखायचे आकडे-अक्षरं. किंवा बंडल डीबग मोडमध्ये, म्हणजे चाचणीच्या किल्लीने, सही केलेलं आहे, असं सांगून ते परत पाठवलं जातं.

बंडल तयारच होत नाही, बिल्ड, म्हणजे कोडमधून ॲप तयार करायचं काम, मधेच थांबतं. ‘कीस्टोअर वॉज टॅम्पर्ड विथ, ऑर पासवर्ड वॉज इनकरेक्ट’, ‘गिव्हन फायनल ब्लॉक नॉट प्रॉपर्ली पॅडेड’, ‘नो की विथ अलियास’, ‘इनव्हॅलिड कीस्टोअर फॉरमॅट’ यांपैकी काहीतरी लाल अक्षरांत असतं.

किंवा सगळं सुरळीत चढतं, पण प्ले स्टोअरवरून घेतलेल्या ॲपमध्ये गूगल लॉगिन चालत नाही, एरर कोड १० येतो, नकाशा कोरा दिसतो. तुमच्या फोनवर मात्र तेच ॲप नीट चालतं.

पहिली दोन लक्षणं एकाच दुखण्याची आहेत: ॲपवर भलत्याच किल्लीची सही झालीय. तिसऱ्यात किल्ली बरोबर असू शकते, ती उघडत नाहीये. चौथ्यात सही बरोबर आहे, पण तिची नोंद जिथे करायला हवी तिथे झालेली नाही.

सगळ्यात आधी: एक दुसरा फोन

खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं. हे ॲप कधीच नव्हतं असा एखादा फोन घ्या आणि नवीन एपीके त्यावर टाका. बसलं, तर फाइल धड आहे आणि भांडण बहुतेक जुन्या-नव्या सहीचं आहे. तिथेही बसलं नाही, तर सहीच्या मागे लागू नका. फोनमधली जागा, अँड्रॉइडची आवृत्ती, अर्धवट उतरलेली फाइल हे पाहा. दुसऱ्या फोनवर बसलं असलं, तरी आवृत्तीचा अंक, म्हणजे व्हर्जन कोड, जुन्यापेक्षा मोठा आहे ना, तेही पाहा. तो लहान असेल तरी जुन्या ॲपवर नवं बसत नाही, आणि माणूस उगाच कीस्टोअर शोधत बसतो.

ज्या फोनवर काम चालू आहे तो मात्र यासाठी वापरू नका. अमळनेर तालुक्यातल्या एका दूध संकलन केंद्रावर कोणीतरी “काढून परत टाक” असं सांगितलं होतं. नोंदी फक्त फोनमध्येच होत्या. दहा दिवसांच्या बिलातले आठ दिवस गेले, आणि शेतकऱ्यांच्या वह्यांवरून ते परत लिहायला दोन माणसांना तीन रात्री लागल्या. ॲप काढलं की त्याच्यासोबत त्याचा साठवलेला डेटाही जातो. सही जुळत नसताना अँड्रॉइड अपडेट अडवतं ते या डेटासाठीच: भलत्याच माणसाने त्याच नावाचं ॲप बनवून तुमच्या नोंदींवर बसू नये.

डीबगची सही तर नाही ना?

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत हे कारण सगळ्यात जास्त वेळा निघतं, आणि बहुतेक जण ते तपासतच नाहीत.

अँड्रॉइड स्टुडिओ हे ॲप बनवायचं सॉफ्टवेअर तुम्हाला न विचारता एक डीबग कीस्टोअर बनवून ठेवतं. युजरच्या फोल्डरमध्ये डॉट अँड्रॉइड नावाचं लपलेलं फोल्डर असतं, त्यात ‘डीबग डॉट कीस्टोअर’. प्रत्येक कॉम्प्युटरवर ही फाइल वेगळी बनते. म्हणजे एका लॅपटॉपवरचं डीबग एपीके दुसऱ्या लॅपटॉपवरच्या डीबग एपीकेने अपडेट होऊ शकत नाही, कोड अक्षरशः तोच असला तरीही.

यात भर म्हणजे फ्लटर या ॲप बनवायच्या साधनाच्या नव्या प्रोजेक्टमध्ये रिलीज, म्हणजे लोकांना द्यायच्या, बिल्डलाही सुरुवातीला डीबगचीच सही लावलेली असते. तिथे ‘इथे तुमची सही टाका’ अशा अर्थाची टिप्पणी असते, पण ती वाचतो कोण. रिॲक्ट नेटिव्ह या तसल्याच साधनामध्येही रिलीजला सुरुवातीला डीबगची सही असते, आणि तिथली डीबग कीस्टोअर फाइल नव्या प्रोजेक्टच्या साच्यासोबतच येते, म्हणजे ती जगभर सगळ्यांकडे सारखीच. अशा किल्लीने सही केलेलं ॲप व्हॉट्सॲपवरून गावभर वाटलं असेल तर त्याचं ‘अपडेट’ कोणीही बनवू शकतो. हे वाचून तुमच्या मनात शंका आली असेल, तर आज संध्याकाळी तपासाच.

तपासायचं कसं? प्रोजेक्टच्या ॲप फोल्डरमधली बिल्ड डॉट ग्रेडल फाइल उघडा, रिलीजच्या खाली साइनिंग कॉन्फिग कोणतं लिहिलंय ते पाहा. तिथे डीबग दिसलं की निदान झालं.

वर सांगितलेल्या दूध केंद्राचं मूळही हेच निघालं. ॲप पोराने डीबगमध्येच बनवून पाठवलं होतं, मग लॅपटॉप बदलला. सुदैवाने जुना लॅपटॉप त्याच्या काकांच्या दुकानात बिलं काढायला ठेवलेला होता. त्यातली डीबग कीस्टोअर फाइल उचलली. तिचा पासवर्ड सगळीकडे एकच असतो, ‘अँड्रॉइड’, इंग्रजी लहान अक्षरांत, आणि अलियास, म्हणजे कीस्टोअरमधल्या किल्लीचं नाव, ‘अँड्रॉइडडीबगकी’, तोही लहान अक्षरांत सलग. वीस मिनिटांत अपडेट तयार झालं. त्या आठ दिवसांच्या नोंदी मात्र परत आल्या नाहीत.

ठसे जुळवा: खरी तपासणी इथे आहे

हा भाग नीट समजून घ्या. एकदा समजला की पुढच्या पाच वर्षांची धावपळ वाचते.

अडत दुकानाचं उदाहरण घ्या. मुनीमजी पावती लिहून, स्वतःची सही करून शेठजींकडे पाठवतात. शेठजी मुनीमजींची सही ओळखतात, आणि मग बाहेर जाणाऱ्या पावतीवर स्वतःची सही करतात. शेतकऱ्याला फक्त शेठजींची सही दिसते. मुनीमजी बदलले तर शेठजींना नव्या मुनीमजींची सही दाखवावी लागते, शेतकऱ्याला काही फरक पडत नाही.

प्ले ॲप साइनिंगमध्ये असंच चालतं. तुमच्या लॅपटॉपवर असते ती अपलोड की, म्हणजे मुनीमजींची सही. लोकांच्या फोनवर पोहोचणाऱ्या ॲपवर असते ती ॲप साइनिंग की, आणि ती गूगलकडे असते. ऑगस्ट २०२१ पासून प्ले स्टोअरवरच्या प्रत्येक नव्या ॲपला बंडल आणि ही व्यवस्था सक्तीची आहे. त्यामुळे त्यानंतरचं ॲप असेल आणि तुमची किल्ली हरवली असेल, तरी ती मुनीमजींचीच हरवलेली असते. अशा वेळी घाबरण्यासारखं काही नाही, उपाय खाली दिलाय. ॲप त्याआधीचं असेल किंवा प्ले स्टोअरबाहेर वाटलेलं असेल, तर मात्र शेठजींचीच सही तुमच्या लॅपटॉपवर असू शकते. आपण कोणत्या बाजूला आहोत, हे कळल्याशिवाय एकही पाऊल टाकू नका.

प्ले कन्सोलमध्ये ॲप साइनिंगचं पान उघडा. ते ॲप इंटिग्रिटीच्या खाली सापडतं. मेनूतली जागा अधूनमधून बदलते, म्हणून वरच्या शोधपट्टीत नाव टाकलं तरी चालतं. त्या पानावर दोन सर्टिफिकेटं दिसतात, एक ॲप साइनिंगचं, एक अपलोडचं. अपलोडचा एसएचए-१ ठसा कागदावर लिहून घ्या, निदान पहिल्या आणि शेवटच्या चार जोड्या. एसएचए-१ मध्ये एकूण २० जोड्या असतात, एसएचए-२५६ मध्ये ३२, म्हणजे चुकून एकाशी दुसरा जुळवत बसू नका.

आता हातातल्या फाइलचा ठसा काढा. आदेश मी देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये ते इंग्रजी अक्षरांत टाका:

कीटूल -लिस्ट -व्ही -कीस्टोअर फाइलचं नाव

‘कीटूल ओळखीचा आदेश नाही’ असं विंडोजने सांगितलं तर काही बिघडलेलं नाही. तो जावासोबत येतो आणि अँड्रॉइड स्टुडिओच्या आतही असतो, जेबीआर फोल्डरमधल्या बिन फोल्डरमध्ये. तिथे जाऊन चालवा. पासवर्ड टाकताना स्क्रीनवर काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. कीबोर्ड बंद पडलाय असं समजून लोक खिडकी बंद करतात. टाइप करा आणि एंटर दाबा.

पासवर्डच आठवत नसेल तर तो न टाकताच एंटर दाबून पाहा. फाइल जुन्या जेकेएस प्रकारची असेल तर इशारा देऊन का होईना, ठसा दिसतो. निदान ही फाइल आपल्याला हवी तीच आहे का, एवढं तरी कळतं. नव्या पीकेसीएस-१२ प्रकारात असं होत नाही, तिथे पासवर्डशिवाय ० नोंदी दिसतात. म्हणून फाइल रिकामी आहे असं समजून ती फेकून देऊ नका. रावेरच्या एका व्यापाऱ्याच्या मुलाने अशीच फेकली होती, रिसायकल बिनमध्ये सापडली म्हणून वाचलो.

तयार झालेल्या ॲपवरची सहीही पाहता येते. एपीके असेल तर ‘एपीकेसाइनर व्हेरिफाय’ला ‘प्रिंट सर्ट्स’ हा पर्याय जोडा. बंडल असेल तर ‘कीटूल -प्रिंटसर्ट -जारफाइल’ आणि बंडलचं नाव. एपीकेसाठी ही दुसरी पद्धत वापरू नका. अँड्रॉइड ७ पासून सहीची नवी पद्धत आली, फक्त त्या पद्धतीने सही केलेल्या एपीकेला कीटूल ‘सहीच नाही’ असं सांगतो आणि माणूस भलत्याच दिशेला लागतो.

कीस्टोअरचा ठसा कन्सोलच्या अपलोड ठशाशी जुळला, पण बंडलचा जुळत नाही? मग किल्ली बरोबर आहे, बिल्ड करताना भलतीच लागतेय. वरच्या डीबगच्या तपासणीकडे परत जा. दोन्ही जुळत नसतील तर ही फाइलच वेगळी आहे, खरी शोधावी लागेल.

गूगल लॉगिनच्या एरर कोड १० चं उत्तरही याच पानावर आहे. फायरबेस किंवा गूगल क्लाउड या गूगलच्या सेवांमध्ये तुम्ही तुमच्या लॅपटॉपच्या किल्लीचा ठसा नोंदवलेला असतो. प्लेवरून उतरणाऱ्या ॲपवर मात्र शेठजींची सही असते. म्हणून ॲप साइनिंगचा ठसाही तिथे नोंदवा. डीबग, अपलोड आणि ॲप साइनिंग, तिन्ही ठसे नोंदवलेले असले की कुठलंच बिल्ड अडत नाही. यासाठी ॲप परत चढवावं लागत नाही, ठसा नोंदवून थोडं थांबलं की बहुतेक वेळा लॉगिन सुरू होतं.

पासवर्ड बरोबर आहे, तरी उघडत नाही

आधी कीटूलने फाइल थेट उघडून पाहा. तिथे उघडली आणि बिल्डमध्ये उघडत नसेल, तर पासवर्ड बरोबर आहे, तो जिथे लिहून ठेवलाय तिथे चूक आहे. बहुतेक वेळा ती की डॉट प्रॉपर्टीज या फाइलमध्ये असते.

ओळीच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा. या प्रकारच्या फाइलमध्ये शेवटची स्पेस पासवर्डचाच भाग धरली जाते. व्हॉट्सॲपवरून पासवर्ड कॉपी केला की ती हमखास सोबत येते. डोळ्यांना दिसत नाही. ओळीच्या शेवटी कर्सर नेऊन पाहा. पासवर्डभोवती अवतरणचिन्हंही देऊ नका, तीही पासवर्डमध्येच मोजली जातात.

विंडोजचा पत्ता. उलटी तिरकी रेघ या फाइलमध्ये साधी रेघ नसते, तिला खास अर्थ असतो. ‘युजर्स’ फोल्डरचा पत्ता लहान ‘यू’ने लिहिला असेल तर रेघ आणि यू मिळून ‘मॅलफॉर्म्ड एन्कोडिंग’ असा न समजणारा संदेश येतो. ‘न्यू’ नावाच्या फोल्डरमध्ये तीच रेघ आणि एन मिळून ओळच तुटते. सरळ तिरकी रेघ वापरा, विंडोजला ती चालते. नुसतं फाइलचं नाव लिहिलं असेल तर ती प्रोजेक्टच्या बाहेरच्या फोल्डरमध्ये शोधली जात नाही, आतल्या ॲप फोल्डरमध्ये शोधली जाते.

दोन पासवर्ड. जुन्या जेकेएसमध्ये डब्याचा, म्हणजे कीस्टोअरचा, एक पासवर्ड आणि आतल्या किल्लीचा वेगळा असू शकतो. ‘फायनल ब्लॉक नॉट प्रॉपर्ली पॅडेड’ दिसलं, तर डबा उघडलाय आणि किल्लीचा पासवर्ड चुकलाय. जावा ९ पासून कीटूल पीकेसीएस-१२ प्रकार बनवतो, त्यात दोन्ही पासवर्ड एकच असतात. तुम्ही वेगळा दिला तरी तो इशारा देऊन दुर्लक्ष करतो. त्यामुळे २०१६-१७ च्या आसपासच्या फाइलला दोन पासवर्ड शोधा, अलीकडच्या फाइलला एकच.

अलियास विसरला असेल तर तो कुणाला विचारायची गरज नाही, कीटूलच्या यादीत लिहिलेला असतो.

फाइलच बिघडलीय का?

आकार पाहा. एका किल्लीचं कीस्टोअर साधारण दोन-तीन केबी असतं. ० बाइट असेल तर कॉपी पूर्ण होण्याआधी पेनड्राइव्ह ओढलेला आहे, मूळ प्रत शोधा. कोणी ती नोटपॅडमध्ये उघडून सेव्ह केली असेल तर ती कायमची बिघडलेली असते, दुरुस्त होत नाही.

एखाद्या हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलमधले बाइट दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, नुसती बघायला उघडलीत तर जेकेएस फाइलची सुरुवात ‘एफई ईडी एफई ईडी’ अशी असते, पीकेसीएस-१२ ची सहसा ‘३० ८२’. दोन्ही नसेल तर दुसरी प्रत शोधा.

फाइल एका लॅपटॉपवर उघडते आणि दुसऱ्यावर ‘अल्गोरिदम नॉट अव्हेलेबल’ म्हणते, असं झालं तर ते जावाचं वय आहे. जावा १६ पासून कीस्टोअरला जास्त भक्कम कुलूप लागतं, जुन्या जावा ८ ला ते समजत नाही. फाइलला हात न लावता जावा नवा करा.

तारखाही पाहून घ्या. कीटूलच्या यादीत ‘व्हॅलिड फ्रॉम… अंटिल’ अशी ओळ असते. मुदतीचा आकडा न देता कीटूलने बनवलेलं सर्टिफिकेट अवघे ९० दिवस चालतं. गूगल प्लेला ते किमान २२ ऑक्टोबर २०३३ नंतरपर्यंत चालणारं लागतं. लोड शेडिंगनंतर बॅटरी गेलेल्या जुन्या डेस्कटॉपचं घड्याळ भलतीच तारीख दाखवत असेल आणि त्यावरच सर्टिफिकेट बनवलं असेल, तर त्याची सुरुवातही भलत्याच दिवशी होते.

हरवलेलं कीस्टोअर शोधताना

हे कंटाळवाणं काम आहे, पण पैसे लागत नाहीत आणि दहातल्या सहा-सात वेळा मला ते सापडलंय. जुना लॅपटॉप, ऑफिसचा डेस्कटॉप, पोराच्या कॉलेजच्या प्रोजेक्टचा पेनड्राइव्ह, गूगल ड्राइव्ह, मेलमधल्या जोडलेल्या फाइली. डॉट जेकेएस आणि डॉट कीस्टोअर हे दोन्ही शेवट शोधा. व्हॉट्सॲप पाठवलेल्या फाइलचं नाव बदलून ‘डॉक’ आणि तारीख असं ठेवतं, म्हणून फोनच्या डॉक्युमेंट्समध्ये त्या नावांनीही पाहा.

एक जागा फार कमी जणांना माहीत आहे. अँड्रॉइड स्टुडिओच्या जुन्या प्रोजेक्टमध्ये डॉट आयडिया नावाचं लपलेलं फोल्डर असतं. त्यातली वर्कस्पेस डॉट एक्सएमएल उघडा आणि ‘की स्टोअर पाथ’ शोधा. सही शेवटची कुठल्या फाइलने केली, तिचा पत्ता आणि अलियास तिथे लिहिलेले सापडतात. चोपड्याच्या एका क्लासचं कीस्टोअर असंच सापडलं: पत्ता डी ड्राइव्हचा होता, आणि तो ड्राइव्ह म्हणजे मे महिन्याच्या उकाड्यात बंद पडलेली, काढून कपाटात ठेवलेली हार्डडिस्क. जोडली, चालली, पहिली कॉपी कीस्टोअरची केली.

अपलोड की खरंच गेली असेल तर

प्ले ॲप साइनिंग चालू आहे आणि वरच्या सगळ्या जागा पाहून झाल्या, तेव्हाच नवीन कीस्टोअर बनवायचं. कीटूलच्या ‘जेनकीपेअर’ला आरएसए, २०४८ आणि मुदत १०००० दिवस हे तिन्ही स्पष्ट द्या. १०००० दिवस म्हणजे सुमारे २७ वर्षं.

मग तो नाव, विभाग, संस्था, गाव, राज्य विचारतो. ही माहिती सर्टिफिकेटमध्ये कायमची राहते आणि कोणालाही पाहता येते, म्हणून घरचा पत्ता किंवा मोबाइल नंबर टाकू नका. मालकाच्या फर्मचं नाव आणि गाव पुरेसं आहे. देशाच्या जागी ‘आय-एन’ ही दोन अक्षरं. शेवटी तो ‘हे बरोबर आहे का’ विचारतो आणि कंसात ‘नो’ दाखवतो. तिथे नुसतं एंटर मारलं की सगळे प्रश्न पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात, लोक तीन-तीन वेळा भरत बसतात. ‘यस’ पूर्ण टाइप करा. पासवर्ड साध्या इंग्रजी अक्षरांचा आणि अंकांचा, लांब ठेवा. मराठी अक्षरं, टक्का, डॉलर, उद्गारचिन्ह टाळा. टर्मिनल त्यांचा वेगळा अर्थ लावतं.

लगेच यादी काढून शेवटची तारीख पाहा. मग ‘एक्सपोर्टसर्ट’ला ‘आरएफसी’ पर्याय देऊन पीईएम फाइल, म्हणजे किल्लीचं नुसतं सर्टिफिकेट, काढा. प्ले कन्सोलच्या त्याच ॲप साइनिंगच्या पानावर अपलोड की रीसेट करायची विनंती असते, तिथे कारण निवडून ही पीईएम द्या. कीस्टोअर फाइल कधीच देऊ नका, ती कोणी मागत नाही. ही विनंती खात्याच्या मूळ मालकालाच करता येते, म्हणून मालकाचा मेल आधी उघडून ठेवा. नवी किल्ली लगेच चालू होत नाही. माझ्या अनुभवात सुमारे दोन दिवस जातात, आणि तोपर्यंत चढवलेलं बंडल नाकारलं जातं.

किल्ली चालू झाली की तीन प्रती करा. एक मालकाच्या पेनड्राइव्हवर, पासवर्ड आणि अलियास कागदावर लिहून त्याच्याच पाकिटात. एक माझ्यासारख्या सांभाळणाऱ्याकडे. एक मालकाच्या खात्यातल्या ड्राइव्हवर, पासवर्ड शेजारी न ठेवता. मालकाला हे पाकीट दुकानाच्या कागदपत्रांसोबत तिजोरीत ठेवायला सांगतो, आणि ते मी समोर बसून ठेवून घेतो.

इथे थांबा

ॲप प्ले ॲप साइनिंगमध्ये नाही आणि किल्ली गेलीय, म्हणजे शेठजींचीच सही गेली. ती कोणीही परत बनवू शकत नाही. “पैसे द्या, काढून देतो” असं सांगणाऱ्याला पैसे देऊ नका. नव्या पॅकेज नावाने (अँड्रॉइड ज्या नावाने ॲप ओळखतं ते) नवं ॲप काढावं लागतं. जुन्या ॲपमधला डेटा आधी कसा बाहेर काढायचा, हे ॲपच्या कोडमध्ये शिरून पाहू शकणाऱ्या अनुभवी डेव्हलपरकडून ठरवा. अँड्रॉइड ९ पासून किल्ली बदलायची सोय आहे, पण तिलाही जुनी किल्ली हातात लागतेच.

कीस्टोअर ज्या डिस्कवर होतं ती फॉरमॅट झाली असेल तर लॅपटॉप बंद करा. त्यावर रिकव्हरीचं सॉफ्टवेअरसुद्धा टाकू नका, ते नेमकं त्याच जागेवर लिहिलं जाऊ शकतं. डिस्क काढून डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्या.

पासवर्ड आठवून पाहायला हरकत नाही, कीस्टोअर चुकीच्या प्रयत्नांनी बंद पडत नाही. पण इंटरनेटवरच्या ‘पासवर्ड काढून देतो’ साइटवर ती फाइल चढवू नका. तुमची यादी संपली की ओळखीच्या, समोर बसून काम करणाऱ्या माणसाकडेच द्या.

प्ले कन्सोलच्या खात्याचा मेलच उघडत नसेल तर आधी गूगलच्या खाते परत मिळवण्याच्या पानावरून ते खातं मिळवा. मधला एजंट यात काही करू शकत नाही.

आणि कीस्टोअर पासवर्डसकट गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरच्या उघड्या रेपोमध्ये, म्हणजे कोणालाही दिसणाऱ्या कोडच्या फोल्डरमध्ये, गेलेलं आढळलं, तर फाइल डिलीट करून भागत नाही, ती इतिहासात राहते. रेपो लगेच बंद करा, त्याच दिवशी अपलोड की रीसेट मागा. ॲपमधून पैशांचे व्यवहार होत असतील, पतसंस्थेचं पिग्मीचं ॲप असेल, तर स्वतः हात घालू नका. सुरक्षेचं काम करणाऱ्या जाणकाराला त्याच संध्याकाळी बोलवा, आणि सर्व्हरचे पासवर्डही त्याच रेपोमध्ये होते का, हे त्याला सगळ्यात आधी पाहू द्या.